बारमाही पिवळे

वाशीहून बेलापूरकडे जाणाऱ्या पाम बीच रस्त्यावर गाड्यांचा वेग असा असतो की दुभाजकातली झाडे कुणाला दिसत नाहीत, दिसतात ते फक्त रंग. बोगनवेलीचा राणी रंग, ड्युरांटाचा पोपटी, आणि त्यांच्या पायाशी, जमिनीलगतच्या गर्द हिरव्यात विखुरलेले पिवळे ठिपके. जानेवारीत पिवळे, मे महिन्याच्या काहिलीत टँकर वेळेवर आला तर पिवळे, आणि आषाढातल्या धो धो पावसातही पिवळेच. नर्सरीवाल्याला विचारले तर तो मान वर न करता एका शब्दात उत्तर देतो: वेडेलिया.

शहरात राहणाऱ्याने हे झाड हजार वेळा पाहिलेले असते आणि एकदाही निरखलेले नसते. सोसायटीच्या फाटकाशी, स्टेशनाबाहेरच्या वाफ्यात, उड्डाणपुलाखालच्या अर्ध्या सावलीत, शाळेच्या कुंपणाला, बँकेच्या पायरीशेजारच्या कुंडीत ते असते. कुणी वाकून पाहिले तर चकचकीत, जाडसर, समोरासमोर जोडीने आलेली पाने दिसतात. बहुतेक पानांना दोन्ही बाजूंना एकेक खांदा फुटलेला, म्हणजे पान तीन खंडांचे. पानाच्या बेचक्यातून लांब दांडा वर येतो आणि त्यावर रुपयाच्या नाण्याएवढे एकच फूल. एखादे लहान मूल त्याला सूर्यफुलाचे पिल्लू म्हणेल, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते मूल फारसे चुकणार नाही. दोघे एकाच कुळातले. या कुळाची खोड अशी, की आपण ज्याला एक फूल म्हणतो तो फुलांचा मेळावा असतो. कडेची एकेक पाकळी हे एक स्वतंत्र फूल आणि मधल्या चकतीत आणखी बारीक फुलांची दाटी. शेवंती, झेंडू, जर्बेरा, सोनकी, माका आणि सगळ्यांना नकोसे झालेले गाजर गवत ही सारी याच घराण्यातली मंडळी.

वेडेलियाचे मूळ गाव मात्र दूर आहे. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण पट्टा, तिथल्या ओलसर, पाणथळ, किनाऱ्याजवळच्या जागा. लिनियसने १७५९ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली तेव्हा तिला वेगळ्याच प्रजातीत बसवले होते. पुढे ती वेडेलिया झाली, जर्मनीतल्या येना विद्यापीठातल्या वेडेल नावाच्या प्राध्यापकाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या प्रजातीत गेली. १९९६ पासून शास्त्रज्ञ तिला स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा म्हणतात. नर्सरीवाल्यांनी हा शेवटचा बदल मनावर घेतलेला नाही, आणि गिऱ्हाइकाची जीभ पाहता ते शहाणपणाचेच आहे.

नवी मुंबईशी तिची गाठ कशी पडली हे समजून घ्यायचे तर आधी इथली माती पाहावी लागते. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली. त्या जमिनीचा मोठा भाग खाजणाचा. आगरी शेतकऱ्यांनी बांध घालून, उघाड्या बसवून, खाऱ्या पाण्याला बाहेर ठेवून पिकवलेली खारभूमीची भातशेती, मिठागरे, तिवरांची रांग, कोळ्यांच्या होड्यांचे धक्के. शहर उभे करायचे म्हणून या सखल जमिनीवर मुरुमाचा भराव पडला. भराव इमारतीला सोसतो, बागेला नाही. मुरमात सेंद्रिय अंश जवळपास नसतो, पावसाळ्यात वरची माती वाहून जाते, ऑक्टोबरनंतर तीच जमीन तापून टणक होते, आणि काही ठिकाणी खालून खारेपणा वर येत राहतो. पावसाळ्याचे चार महिने पाण्याची लूट आणि उरलेले आठ महिने थेंबाला महाग. अशा जागी रुंद रस्ते, चौक आणि मैलोन्‌मैल दुभाजक आखले गेले आणि ते हिरवे दिसावेत अशी अपेक्षा ठेवली गेली.

वेडेलिया या अपेक्षेला पुरी पडली, कारण तिला लावण्यासाठी बागकाम यावे लागत नाही. बी पेरायचे नसते. तिचे बी रुजण्याच्या बाबतीत मुळातच कच्चे, आणि त्याची कुणाला गरजही भासत नाही. जुन्या गादीवरून वीतभर फांदी कापायची, तीन-चार पेरे आहेत एवढे पाहायचे, खालची पाने काढून टाकायची आणि खुरप्याने केलेल्या खाचेत निम्मी फांदी दाबायची. वर माती चेपून पाणी दिले की काम झाले. नर्सरीत हीच कटिंग छोट्या काळ्या पिशवीत पोयटा, शेणखत आणि थोडी रेती घालून लावतात. पंधरवड्यात मुळे धरतात आणि रोप गाडीत चढायला तयार. दुभाजकात वीत-दीड वीत अंतरावर लावली तर पावसाळा संपायच्या आत माती दिसेनाशी होते. जमिनीवर सरपटत जाणारी फांदी जिथे जिथे पेऱ्याशी ओल्या मातीला टेकते तिथे तिथे मूळ सोडते, तिथूनच नवी फांदी काढते आणि पुढे जाते. एक फांदी दोन मीटरपर्यंत सहज पसरते.

निगा म्हणाल तर ती चुकवली तरी वेडेलिया तग धरते. पूर्ण उन्हात फुले भरपूर, सावलीत फांद्या लांबुळक्या आणि फुले मोजकी, एवढाच फरक. मात्र वर्षानुवर्षे न कापता ठेवली तर वरचा हिरवा थर टवटवीत दिसतो आणि खाली काटक्यांचे, वाळल्या पानांचे अडगळीचे जाळे तयार होते. गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे आणि उंदीर यांना ते फार सोयीचे पडते. जाणता माळी म्हणून पावसाच्या तोंडावर कोयत्याने ती जमिनीपासून चार बोटे ठेवून सपाट कापून काढतो आणि वर शेणखताचा हात फिरवतो. आठवडाभर ते भकास दिसते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन येतात. पहिल्या दोन पावसांनंतर तक्रार करणारे गप्प होतात. कडांची छाटणी मात्र सतत करावी लागते, नाहीतर ती कठड्यावरून रस्त्यावर उतरते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या झाडावर कुणाचा जीव जडला म्हणून ते शहरभर पसरलेले नाही. निविदेच्या कागदात ते चपखल बसते म्हणून पसरले. ठेकेदाराला ठरल्या मुदतीत ठरले चौरस मीटर झाकून दाखवायचे असतात. पाहणीला येणाऱ्या अभियंत्याला माती दिसता कामा नये. रोप स्वस्त असावे, मरतुक कमी असावी, आणि एखादे मेलेच तर शेजारच्याने ती जागा आपोआप भरून काढावी. बिल निघेपर्यंत फुले असावीत. या सगळ्या अटी एकाच वेळी पुऱ्या करणारी झाडे फार थोडी. महापालिकेच्या मलप्रक्रिया केंद्रांतून निघणारे शुद्ध केलेले पाणी उद्यानांना वापरले जाते, त्या पाण्यावरही ती कुरकुर न करता वाढते. २०२० च्या आणि पुन्हा २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली. त्या कौतुकाच्या छायाचित्रांत रंगवलेल्या भिंती आणि कारंजी पुढे असतात, पण पायाशी काय आहे ते पाहायला हरकत नाही.

तिच्याच नात्यातली दुसरी पिवळी फुले मात्र अशी बारमाही हजेरी लावत नाहीत. ती पंचांग पाळतात.

शेवंती घ्या. तीही बहुवर्षायू, पण शेतकरी तिला वर्षाचे पीक म्हणून घेतो. फुले संपली की झाड जमिनीलगत छाटतात, मुळाशी नवे फुटवे येतात, त्यांना काश्या म्हणतात, आणि उन्हाळ्यात त्या वेगळ्या काढून नव्या सऱ्यांवर लावतात. पुणे, अहिल्यानगर, सातारा या भागांत राजा, झिप्री, पिवळी रेवडी अशा जातींची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय ती कळी धरत नाही. म्हणून बहर येतो तो थंडीच्या तोंडावर, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी दादरच्या फूलबाजारात तिचा भाव विचारणाऱ्यांची तोंडे उतरतात. ज्यांना मोसमाबाहेर फुले हवीत ते पॉलिहाउसात काळे पडदे ओढून दिवस लवकर मावळवतात, किंवा बहर लांबवायचा असेल तर रात्री दिवे लावून तिला उन्हाळा असल्याचे भासवतात. एवढी मेहनत घ्यायची कारण तिला मोल आहे. ती किलोवर विकली जाते, हारात जाते, वेणीत जाते, देव्हाऱ्यात बसते. वेडेलिया यातल्या कुठेच जात नाही. गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी नवी मुंबईतल्या स्टेशनांबाहेर तेरड्याच्या जुड्या, दुर्वा, पत्री घेऊन बायका बसतात. दहा पावलांवर दुभाजकात पिवळी फुले उमललेली असतात, पण त्यातले एक फूल तोडून कुणी जुडीत घालत नाही.

आणि सोनकी. तिला तर कुणीच लावत नाही. पनवेलच्या पुढे कर्नाळ्याकडे किंवा प्रबळगडाच्या वाटेला श्रावण सरता सरता गेले की कातळाच्या फटींतून, गवताळ उतारांवरून ती एकदम पिवळीधमक उगवलेली दिसते. माथेरान, माळशेज, कास, जिथे जिथे सह्याद्रीचा उघडा उतार आहे तिथे तिची मोसमी सत्ता. आश्विन उलटला की पिवळे मावळते, बियांना फुटलेले पांढरे केसर वाऱ्यावर उडू लागतात आणि उतार पुन्हा तपकिरी. या सोनकीच्या शास्त्रीय नावात फार वर्षे जॉन ग्रॅहमचे नाव जोडलेले होते. ग्रॅहम मुंबईच्या टपाल खात्यातला मोठा अधिकारी, पण मन सगळे वनस्पतींत. मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची यादी त्याने सिद्ध केली. ती छापली जात असतानाच १८३९ मध्ये खंडाळ्याला त्याचे निधन झाले आणि उरलेले काम त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने पुरे केले. मुंबई इलाख्यातल्या झाडाझुडपांची ही पहिल्या काही छापील याद्यांपैकी एक. टपालाचे थैले आणि वाळवलेल्या फांद्या एकाच कचेरीत सांभाळणाऱ्या या माणसाचे पुस्तक आजही वाचनीय आहे, याद्यांविषयी ज्यांना प्रेम आहे त्यांना तर फारच.

सोनकी पाहिली की भाद्रपद आहे हे सांगावे लागत नाही. शेवंतीचे ढीग लागले की थंडी आली. वेडेलियाकडे पाहून महिना सांगता येत नाही. नव्या शहराला बहुधा हेच हवे होते: बाराही महिने सारखा दिसणारा, कुठल्याही तारखेला पाहुणा आला तरी तयार असलेला पिवळा रंग. तो तिने दिला. त्याबद्दल तिला दोष देणे अन्यायाचे होईल. प्रश्न सुरू होतो तो ती दुभाजकातून बाहेर पडते तेव्हा.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञ गटाने २००० साली जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवजातींची एक यादी काढली. त्यात वेडेलिया आहे. मराठी वाचकाला त्या यादीत ओळखीची तोंडे बरीच भेटतात. घाणेरी आहे, जलपर्णी आहे, रानमोडी आहे, आणि एके काळी सरकारी रोपवाटिकांतून हौसेने वाटला गेलेला सुबाभूळही आहे. म्हणजे संगत कसली हे कळते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात ती विकणे किंवा नुसती कुणाला देणे हेही परवान्याशिवाय करता येत नाही. फ्लोरिडातल्या आणि हवाईतल्या आक्रमक वनस्पतींच्या नोंदींत तिचे नाव आहे. केरळ वन संशोधन संस्थेने त्या राज्यातल्या आक्रमक वनस्पतींवर जे काम केले आहे त्यातही ती सापडते, आणि केरळचा पाऊस व कोकणचा पाऊस यांत फार अंतर नाही.

तिची रीत आरडाओरड्याची नाही. घाणेरीसारखे काटे नाहीत, गाजर गवतासारखी खाज नाही. ओल्या जमिनीवर ती पसरते, जाड गादी करते, आणि त्या गादीखाली दुसऱ्या कुणाचे बी उजेड बघत नाही. शिवाय तिच्या पानांतून आणि मुळांतून जी रसायने मातीत उतरतात ती शेजाऱ्यांच्या बियांना रुजू देत नाहीत, असे प्रयोगशाळांत वारंवार दिसले आहे.

सर्वांत विचार करायला लावणारी हकीकत दक्षिण चीनमधली. तिथे १९७० च्या दशकात ही बागेसाठी, जमीन झाकणारी वनस्पती म्हणून नेली गेली आणि पुढे बाहेर पडली. तिथे तिची एक सख्खी चुलत बहीण मूळची राहणारी होती, आणि तीच बहीण आपल्याकडेही आहे. पिवळा माका. आयुर्वेदात पीत भृंगराज म्हणतात तो हाच. पांढऱ्या फुलांचा माका, ज्याचे तेल घरोघर केसांना लावतात, तो वेगळा. पिवळा माका ओलसर जागी, भातखाचरांच्या बांधांच्या आसपास सरपटत वाढतो. पाने अरुंद, लांबट, वेडेलियासारखी खांदे फुटलेली नव्हेत. दक्षिण चीनमध्ये या दोघींचा संकर रानात सापडला. आक्रमक पाहुणी नुसती जागा बळकावते असे नाही, तर मूळ रहिवाशाच्या वंशातही मिसळते, हे तिथे दिसले.

पिवळ्या माक्याला रसायनशास्त्रात मानाचे पान आहे. १९५६ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या मद्रासच्या सहकाऱ्यांनी त्याच्यातून एक संयुग वेगळे काढून त्याची रचना प्रसिद्ध केली. वेडेलोलॅक्टोन हे त्याचे नाव. पांढऱ्या माक्यातही तेच सापडते आणि यकृतावरच्या औषधांच्या संशोधनात ते आजही वापरात आहे. गोविंदाचारी पुढे मुंबईत आले आणि गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्राचे संचालक झाले. (केसांच्या तेलासाठी दुभाजकातली पाने खुडणाऱ्या उत्साही मंडळींना एवढेच सांगावे: बहिणी असल्या तरी त्या एक नव्हेत, आणि गाडीच्या धुराने माखलेला पाला डोक्याला लावण्यात तसाही काही अर्थ नाही.)

तर मग नवी मुंबईतली वेडेलिया उपटून टाकावी का? दुभाजकातली तर नकोच. दोन्ही बाजूंना सिमेंटचा कठडा, पलीकडे डांबर, आणि पावसाळा संपला की टँकरच्या पाण्यावर जगणे, असा तिचा तिथला संसार. तिथे ती कैदेत आहे. उलट उघड्या मुरमावरून पावसाळ्यात जी माती रस्त्यावर आणि गटारात वाहून येते ती वेडेलिया धरून ठेवते, बारीक मधमाश्या आणि फुलपाखरे तिच्यावर येतात, आणि तिच्या जागी हिरवळ लावली असती तर पाणी आणखी लागले असते. हे सगळे तिच्या बाजूने मांडायलाच हवे.

अडचण आहे ती पाण्याच्या कडेची. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणून सिडकोने डच धर्तीवर धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीकडची झडप मिटते, शहराचे पावसाचे पाणी तलावात थांबते, ओहोटी लागली की झडप उघडून बाहेर जाते. त्या तलावांच्या आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या नाल्यांच्या काठाने फिरायचे रस्ते झाले, रस्त्याशेजारी बागा झाल्या, आणि बागेत जे सगळीकडे लावतात तेच लागले. इथे कठडा नाही. ओल बाराही महिने आहे. तिच्या मूळ गावी तिला जशी जागा आवडते नेमकी तशी जागा तिला आपण सुशोभीकरण करून दिली आहे. तीच गोष्ट पारसिकच्या टेकडीखाली किंवा खारघरच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओहोळांच्या काठी बांधलेल्या संकुलांची. बागेची सीमा कुठे संपते आणि ओहोळ कुठे सुरू होतो हे नकाशात दिसते, फांदीला दिसत नाही.

परके म्हणून सरसकट नाक मुरडण्यातही मतलब नाही. दगडी पाला, ज्याला एकदांडी म्हणतात, तोही उष्ण अमेरिकेतूनच आलेला, याच कुळातला, पिवळ्या चकतीचा, वर्षानुवर्षे टिकणारा. रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत, मुरमात, कुठेही उगवतो. पण महाराष्ट्राच्या खेड्यांत कोयता लागला की त्याचा पाला चोळून जखमेवर दाबतात, आणि तो परदेशी आहे हे सांगितले तर लोक हसतील. तो कुणी लावला नाही, त्याने कुणाची जागा दाट गादी करून दडपली नाही, आणि हळूहळू तो औषधाच्या बटव्यात शिरला. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले, त्याचे काय झाले ते शेतकऱ्याला विचारावे. एकाच कुळातले, एकाच खंडातून आलेले हे दोघे. एकाला औषधाचा मान मिळाला, दुसऱ्याला उपटण्याची मोहीम. वेडेलिया या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि कुठे बसेल हे बरेचसे माळ्याच्या हातात आहे.

पिवळे फूलच हवे, जमीन झाकणारेच हवे, तर खाडीकाठी एक उमेदवार आधीपासून आहे. वोलास्टोनिया बायफ्लोरा. पूर्व आफ्रिकेपासून भारताच्या किनाऱ्यावरून थेट प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलेली ही वनस्पती. जुन्या पुस्तकांत हिलाही वेडेलियाच म्हटले आहे, इतके साम्य. तिची फळे समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्यांना लागतात. कोकणात ती तिवरांच्या मागच्या बाजूला, भरतीचे पाणी जिथे क्वचितच पोचते त्या बांधांवर वाढते. पाने रुंद, खरखरीत, टोकदार, फुले पिवळी, वेडेलियाहून लहान पण तशीच तोंडावळ्याची. खारे वारे, खारी माती हे तिचे माहेर. ऐरोलीला राज्याच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे लोक फ्लेमिंगो पाहायला होडीत बसतात, आणि ते योग्यच आहे, पण तिवरांच्या मागच्या बांधावरचे हे दुय्यम दर्जाचे रहिवासी कुणाच्या कॅमेऱ्यात येत नाहीत.

वोलास्टोनियात दोषही आहेत, ते लपवू नयेत. ती वेडेलियासारखी जमिनीला चिकटून राहत नाही, दुसऱ्या झुडपांवर टेकत, चढत, अस्ताव्यस्त वाढते. दुभाजकात ती शोभणार नाही, गाडीवाल्याची नजर अडवेल. पण धारण तलावाच्या उतारावर, नाल्याच्या बांधावर, जिथे नीटनेटकेपणापेक्षा माती धरून ठेवणे महत्त्वाचे आहे, तिथे तिच्याइतकी लायक वनस्पती शोधावी लागेल. कटिंगने तीही लागते. तिला नर्सरीच्या भावपत्रकात जागा नाही याचे कारण इतकेच की ती कुणी मागितलेली नाही. नर्सरीवाला भल्याबुऱ्याचा न्याय करायला बसलेला नसतो. मागणी आली तर पुढच्या पावसाळ्याला तो पिशव्या भरून ठेवेल. महापालिकेच्या किंवा सिडकोच्या एखाद्या निविदेत पाणवठ्यापासून अमुक मीटरच्या आत वेडेलिया चालणार नाही, तिथे खाऱ्या काठावरची देशी झाडे लावा, असे एक वाक्य आले की ठेकेदारांच्या फोनवर तिची चौकशी सुरू होईल.

तोवर सर्वांत मोठा फरक पडू शकतो तो कापणीच्या वेळी. ठिकठिकाणी कापलेली वेडेलिया हातगाडीत भरतात आणि जवळच्या नाल्याच्या काठावर किंवा तिवरांच्या कडेला ओततात, हिरवा कचरा आहे, कुजून जाईल या समजुतीने. ती कुजत नाही. त्या ढिगातल्या हरेक तुकड्याला दोन-तीन पेरे असतात, आणि कापणी नेमकी पावसाच्या तोंडावर झालेली असते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या ढिगातूनच पाने वर येतात आणि नाल्याचे पाणी उरलेले तुकडे खाली पोचवते. कंपोस्टच्या खड्ड्यात ओली टाकली तर तिथेही ती मूळ धरते. उपाय अगदी गावठी आहे. कापलेला माल आधी सिमेंटच्या फरशीवर पातळ पसरून कडक वाळवायचा, किंवा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचा, आणि फांदी वाकवल्यावर कटकन मोडू लागली की मगच खड्ड्यात घालायचा. म्हणजे कापणी जूनवर न ढकलता मे महिन्याच्या मध्यावर उरकायला हवी, आणि नवी मुंबईच्या मे महिन्यातल्या उन्हात या कामाला फार दिवस लागत नाहीत.